चौथं नाव

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातलं हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलं आहे. त्यातली माणसं, कॉलेज, दोन्ही नियतकालिकं आणि पेशंटचे आकडे कुणा एका ठिकाणचे नाहीत. पीजी केलेल्या माणसाला मात्र यातला एकेक तुकडा ओळखीचा वाटेल. ज्या नियमांचा आणि संस्थांचा नावानिशी उल्लेख पुढे येतो, ते खरे आहेत.

प्रबंध आणि त्याचा शेवटचा रकाना

मेडिसिनच्या एका रेसिडेंटने एमडीच्या प्रबंधासाठी ओपी पॉइझनिंग, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा, हा विषय घेतला. तो गाईडने सुचवला होता. कापूस-सोयाबीनवर फवारण्या सुरू झाल्या की "औषध पिलं" म्हणून आणलेले पेशंट वॉर्डात रोजचेच. काही फवारताना बाधलेले, बरेचसे घरात भांडण होऊन किंवा कर्जापायी प्यायलेले. प्रश्न साधा होता: दाखल होतानाचा पेराडेनिया स्कोर बघून पुढे पेशंटचं काय होईल, हे सांगता येतं का?

हा स्कोर श्रीलंकेतल्या पेराडेनियात तयार झाला. डोळ्यांच्या बाहुल्या किती आकसल्यात, श्वास, नाडी, स्नायूंची थरथर, शुद्ध आणि झटके, एवढंच बघायचं. एकूण गुण ० ते ११, आणि ८ किंवा त्याहून जास्त म्हणजे गंभीर. टॉर्च आणि घड्याळ असलं की झालं, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून पेशंट पुढे कधी पाठवायचा हे ठरवायला अशी मोजपट्टी कामाची, म्हणून विषय नेहमीचा असला तरी फुकटचा नव्हता.

तिने ८४ पेशंट घेतले. एक्सेलमधल्या मास्टर चार्टचा शेवटचा रकाना होता 'आउटकम': १ म्हणजे बरा होऊन घरी गेला, २ म्हणजे मृत्यू, ३ म्हणजे डामा. डामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून नातेवाईक पेशंट घेऊन गेले. सरकारी दवाखान्यात रात्रपाळी केलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा सांगायला नको. व्हेंटिलेटर मोकळा नसतो, नातेवाईक आळीपाळीने हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबत बसलेले असतात, पहाटे कुणीतरी मोठं माणूस येतं आणि म्हणतं, "नेतो आम्ही." कुठे नेणार? कधी शहरातल्या खाजगी दवाखान्यात, कधी सरळ गावाकडे. केसपेपरवर सही किंवा अंगठा होतो आणि पेशंट नोंदीतून बाहेर पडतो. पुढे त्याचं काय झालं ते कळत नाही.

तिच्या ८४ जणांत १७ मृत्यू, ५८ बरे, आणि ९ डामा. यातले ६ डामा गंभीर गटातले होते. प्रबंधातल्या तक्त्यात तिने तिन्ही रकाने वेगळे ठेवले आणि खाली एक ओळ लिहिली, की डामा झालेल्यांचा शेवट माहीत नाही. प्रबंध विद्यापीठात गेला, परीक्षा झाली, ती पास झाली आणि बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेसाठी, एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाली.

दोन पेपर, एकच काम

बाँडच्या काळात तिने प्रबंधाचा पेपर केला आणि एका बऱ्या नियतकालिकाकडे पाठवला. पहिलं नाव स्वतःचं, दुसरं गाईडचं. गाईडला विचारलं नव्हतं. प्रबंधाच्या वेळी ते म्हणाले होते, "पेपर टाक, माझं नाव घाल," तेवढ्यावर तिने घातलं. नीट चालणारी नियतकालिकं पेपर दाखल होताच प्रत्येक लेखकाला आपोआप मेल पाठवतात. तो मेल गाईडला गेला आणि त्यांचा फोन आला.

"अगं, हे काय केलंस? हा पेपर तर केव्हाच छापून आलाय."

"कुठे सर?"

"तुझंपण नाव आहे त्यात."

होतं खरं. चार नावांत चौथं. पहिलं गाईडचं, दुसरं विभागप्रमुखांचं, तिसरं बधिरीकरण विभागातल्या एका सरांचं. चौथ्या नावापुढे ईमेल विभागाच्या ऑफिसचा, म्हणजे तिला मेल पोचणारच नव्हता. पेपर छापणारं नियतकालिक पैसे घेऊन आठवड्याभरात स्वीकारपत्र देणाऱ्यांपैकी. परीक्षकांची एकही शंका आली नव्हती.

चार दिवसांनी तिला दुसऱ्या, म्हणजे तिने पेपर पाठवलेल्या, नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याच तक्त्यांचा, तिचंच नाव असलेला, आधी छापलेला पेपर शोधून काढला होता. पत्राचा आशय असा: सोबतच्या पत्रात आपण हे काम आधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नाही असं लिहिलं आहे, तरी खुलासा करावा. ज्या बाईने ८४ केसपेपर हाताने उतरवले, तिच्यावरच एकच काम दोनदा छापायला पाठवल्याचा संशय आला. कागदोपत्री तो संशय बरोबर होता.

तिसऱ्या नावापर्यंतच का

नावांचा हा क्रम मोठेपणाने लागलेला नाही, हिशोबाने लागला आहे. वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी मेडिकल कौन्सिलने २०२० साली जी दुरुस्ती केली, तीत पहिल्या तिघांत नाव असलेला किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक, एवढ्यांचाच पेपर धरायचा असं ठरलं. त्याआधी २०१५ च्या खुलाशात पहिले दोनच धरले जात. म्हणजे पेपरला खुर्च्या तीन, आणि चौथ्या जागी ज्याला आत्ता गरज नाही असा माणूस. पास होऊन गेलेल्या रेसिडेंटइतकं सोयीचं कोण?

गंमत अशी, की नियमात जागा होती. पत्रव्यवहार करणारा लेखकही मोजला जातो. गाईडने तो मान घेऊन पहिलं नाव रेसिडेंटला दिलं असतं तरी त्यांच्या बढतीचं काही अडलं नसतं. अडचण पुढच्या दोघांची होती, आणि त्यांची सोय करण्यासाठी ती मागे सरकली.

आणि ज्याच्यासाठी एवढं केलं, तो पेपर बढतीला चालणारा तरी होता का? कोणत्या सूचींतली नियतकालिकं बढतीला धरायची, त्या २०२० च्या यादीत मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) वगैरे आहेत. २०१५ च्या यादीतलं इंडेक्स कोपर्निकस, ज्याच्यावर बरीच टीका झाली होती, तिथून गेलं. या नियतकालिकाच्या वेबसाइटवर डीओएजेचं चिन्ह झळकत होतं. डीओएजेच्या साइटवर जाऊन नाव टाकलं तर ते यादीत नव्हतं. हे बघायला दोन मिनिटं लागतात. कुणी बघितलं नव्हतं, आस्थापनेच्या कारकुनाने तर छापील प्रत फाइलला लावून टाकली होती.

"इथून पाठवलेलं कोण छापतं?" हे वाक्य या भागात फार ऐकू येतं, म्हणून थोडं विषयांतर करतो. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या बाजूला नोकरी करताना विंचूदंशाच्या पेशंटच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यावरच्या प्राझोसिन या औषधाबद्दलचं त्यांचं काम १९८६ साली लॅन्सेटमध्ये आलं. याच ओपी पॉइझनिंगवर, पाम म्हणजे प्रॅलिडॉक्झिम हा उतारा कसा द्यावा याची बारामतीत झालेली चाचणी २००६ साली लॅन्सेटमध्येच छापली गेली. पेशंट तिथेही आपल्यासारखेच होते. सातत्याने लिहिलेली वही मात्र होती.

कोण लेखक, कोण नाही

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिचं मूळ १९७८ साली व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांत आहे, तिने लेखकासाठी चार अटी घातल्यात. कल्पना, आखणी, माहिती जमवणं किंवा तिचा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिलेला किंवा त्यात जाणीवपूर्वक दुरुस्ती केलेली हवी. छापायला जाणाऱ्या अंतिम मसुद्याला मान्यता दिलेली हवी. आणि त्या कामाच्या खरेखोटेपणाबद्दल उत्तर द्यायची तयारी हवी. ही चौथी अट २०१३ साली वाढली. चारही पुऱ्या व्हायला हव्यात.

गाईडचा पहिल्या अटीवर हक्क आहे, विषय आणि आखणी त्यांची. पेपरची भाषाही त्यांनी बरीच बदलली. ते लेखक आहेत, याबद्दल शंका नको. विभागप्रमुखांनी परवानगी दिली, खाटा दिल्या, सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यावर, सही केली. नुसती देखरेख किंवा सोय करून देणं या अटींत बसत नाही; त्यांची जागा आभारात. बधिरीकरणाच्या सरांचं प्रकरण मला जास्त विचार करायला लावतं, कारण ते उपरे नव्हते. त्या ८४ पैकी कितीतरी पेशंटना त्यांनी रात्री उठून श्वासाची ट्यूब टाकली होती. पण पेशंटवर उपचार करणं आणि त्यावरच्या अभ्यासाचा लेखक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नाहीतर रात्रपाळीच्या सिस्टरचं नाव सगळ्यांच्या आधी घालावं लागेल, आणि मला विचाराल तर ते या तिसऱ्या नावापेक्षा जास्त शोभलं असतं.

आता रेसिडेंट. गाईडचं म्हणणं पडलं, "तिने डेटा गोळा केला, पेपर मी लिहिला. लिहिण्यात तिचा भाग नाही, मग पहिलं नाव कसं?" वरवर ही दुसऱ्या अटीची भाषा आहे. परंतु त्याच शिफारशींत पुढे स्पष्ट म्हटलंय, की पहिली अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला लिहिण्याची, वाचण्याची आणि मान्यता देण्याची संधी मिळालीच पाहिजे. पुढच्या अटी कुणाला बाहेर ठेवण्यासाठी वापरायच्या नाहीत. मसुदा दाखवायचाच नाही आणि मग म्हणायचं हिने मसुदा लिहिला नाही, याला काय म्हणणार?

तिचीही बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी नाही. गाईडने अंतिम मसुदा पाहिलेला नसताना त्यांचं नाव घालून तिने तेच केलं, जे तिच्याबाबतीत झालं होतं. हेतू आदराचा होता, नियम मात्र हेतू विचारत नाही. दोन्ही पेपरांवर एकमेकांची नावं, आणि दोघांनीही एकमेकांचा पेपर वाचलेला नाही.

अठ्ठावन्नचे सदुसष्ट

इथवरचं भांडण मानापमानाचं वाटू शकतं, आणि कॉलेजात पहिले काही दिवस ते तसंच हाताळलं गेलं. "मिटवून घ्या, एवढं काय त्यात?" दुसऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी मात्र दोन्ही पेपर शेजारी ठेवून तक्ते ताडले. रेसिडेंटच्या मसुद्यात बरे झालेले ५८. छापलेल्या पेपरात ६७. पेशंट दोन्हीकडे ८४, मृत्यू दोन्हीकडे १७.

फरक नऊचा.

झालं होतं असं. प्रबंधाच्या वेळी आकडेमोड शहरातल्या एका स्टॅटिस्टिशियनकडून करून घेतली होती. तेव्हा रेसिडेंट शेजारी बसलेली होती आणि "हे ३ काय आहे?" असं त्याने विचारल्यावर तिने सांगितलं होतं. पेपरच्या वेळी गाईडने फाइल मेलने पाठवली. शेजारी कुणी नव्हतं. गणितासाठी रकान्याचे दोनच भाग हवे होते, म्हणून २ म्हणजे मृत्यू आणि उरलेले सगळे वाचले, असं धरलं गेलं. नऊ डामा पेशंट वाचलेल्यांत जाऊन बसले.

गंभीर गटात काय झालं ते बघा. त्यात २४ पेशंट: १२ मृत्यू, ६ बरे, ६ डामा. ज्यांचा शेवट माहीत आहे अशा १८ जणांतले १२ गेले, म्हणजे ६७ टक्के. छापलेल्या पेपरात २४ पैकी १२, म्हणजे ५० टक्के. आणि डामा झालेले सहाही जण पुढे दगावले असतील, तर ७५. छापलेल्या निष्कर्षात वाक्य होतं, की गंभीर गटातही योग्य उपचारांनी निम्मे पेशंट वाचतात. ग्रामीण रुग्णालयात नऊ गुणांचा पेशंट समोर घेऊन बसलेल्या डॉक्टरने ते वाचलं तर? चूक सगळ्या गटांत सारखी पसरली असती तर एक वेळ चाललं असतं, पण नातेवाईक पेशंट नेतात ते तो हाताबाहेर चाललाय असं दिसल्यावरच.

चौकशीत गाईड म्हणाले, "माणूस दवाखान्यातून जाताना जिवंत होता. त्याला मृत्यू कसा लिहू?" बरोबर आहे, मृत्यू लिहायचाच नव्हता. माहीत नाही असं लिहायचं होतं. त्यांनी आकडा मुद्दाम फिरवला असं मला वाटत नाही, समितीलाही वाटलं नाही. पेपरला चार लेखक होते आणि तो ३ कशाचा, हे माहीत असलेल्या एकमेव लेखकाला पेपर दाखवलेला नव्हता. तिसरी अट, अंतिम मसुद्याला मान्यता, ही सौजन्याची सही समजली जाते. या पेपरात तीच एक चाळणी होती आणि तीच काढून टाकली गेली. रेसिडेंटने पाच मिनिटं तो तक्ता बघितला असता तर ६७ वर बोट ठेवलं असतं.

कुणी काय केलं

दुसऱ्या संपादकांनी पेपर लगेच नाकारला नाही, थांबवून ठेवला. १९९७ साली ब्रिटनमध्ये काही संपादकांनी सुरू केलेल्या कोप या प्रकाशन-नीतीच्या समितीची अशा वादांसाठी ठरलेली रीत आहे: सर्व लेखकांकडून खुलासा मागवा, आणि कोण खरं बोलतंय हे स्वतः ठरवत बसू नका, संस्थेला कळवा. त्यांनी अधिष्ठात्यांना पत्र लिहिलं. संस्था उभी राहिली नाही तर संपादकाचे हात किती बांधलेले असतात, याचं भारतातलंच उदाहरण आहे. बीएमजेने १९९२ साली छापलेल्या इथल्या एका आहार-अभ्यासाबद्दल शंका लवकरच आल्या होत्या. पण चौकशी करायला जबाबदार संस्था मिळेना, आणि वाचकांना सावध करणारं निवेदन यायला २००५ उजाडलं.

इथे अधिष्ठात्यांनी समिती नेमली. पहिल्या बैठकीत एका सदस्यांनी प्रबंध प्लेजिअरिझम, म्हणजे उचलेगिरी, तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायची सूचना केली. २०१८ च्या यूजीसी नियमांमुळे टक्केवारीची सवय लागली आहे. १० टक्क्यांपर्यंत चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द, असं पाठ असतं. त्या टक्क्यांतून मजकूर कुणाशी जुळतो एवढं कळतं, काम कुणी केलं ते कळत नाही. शेवटी उपयोगी पडली ती जुनी कागदपत्रं: एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, ज्यावर मुख्य संशोधक म्हणून रेसिडेंटचं नाव होतं, विद्यापीठात प्रबंध दाखल केल्याची तारीख, मास्टर चार्ट आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप.

बधिरीकरणाच्या सरांना विचारलं, तक्ता चार कुठून आला. ते म्हणाले, "मला फोन आला, नाव घालू का म्हणून. मी घाला म्हणालो. त्या आकड्यांतलं मला काय माहीत?" उत्तर प्रामाणिक होतं. ते चौथ्या अटीविरुद्ध दिलेलं लेखी निवेदनही होतं, हे त्यांना सही करताना जाणवलं असावं.

समितीने ठरवलं: रेसिडेंट पहिली लेखक, गाईड पत्रव्यवहार करणारे लेखक, बाकी दोघं आभारात. छापलेला पेपर मागे घेण्याची विनंती पहिल्या नियतकालिकाला करावी. त्यावर तिकडून उत्तर आलं, की मागे घेण्याची वेगळी फी भरावी लागेल. कॉलेजने ती भरायला नकार दिला आणि पेपर सदोष असल्याचं पत्र अधिष्ठात्यांच्या सहीने त्यांना धाडलं. पेपर अजून वेबवर आहे.

मध्ये एक मुद्दा असाही निघाला, की त्या नऊ घरांना आता फोन करून पेशंटचं काय झालं ते विचारावं आणि तक्ता पुरा करावा. संशोधनाच्या नजरेने सूचना रास्त. एथिक्स कमिटीने परवानगी दिली नाही. संमतीपत्रात घरी फोन करण्याचा उल्लेख नव्हता, नऊपैकी बहुतेक प्रकरणं स्वतः औषध प्यायल्याची होती, आणि एवढ्या काळानंतर "तुमचा पेशंट आहे का?" असा फोन कुणाच्या घरी जावा हे तक्त्याच्या सोयीवर ठरवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हा निर्णय पटतो. पुढच्या अभ्यासांसाठी दाखल करतानाच तशी संमती घ्यायची, असं त्यांनी त्याच पत्रात लिहिलं.

दुसऱ्या नियतकालिकाने अटीवर पेपर परीक्षणाला घेतला आहे: आधीच्या पेपराचा उल्लेख, त्यातल्या चुकीचा खुलासा, अधिष्ठात्यांचं पत्र, आणि गंभीर गटासाठी एक टक्केवारी न देता ५० ते ७५ ही कक्षा. गाईडने या वेळी मसुदा वाचून लेखी मान्यता दिली. एके ठिकाणी पामच्या मात्रेची चूकही त्यांनीच पकडली. बधिरीकरणाच्या सरांनी बढतीच्या अर्जातून तो जुना पेपर काढून घेतला. विभागप्रमुखांनी अजून काढलेला नाही.